हिंवाळ्यांतील दोन गिरिस्थानें

हवापालटासाठीं कोठें जावें, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीं वैशाखांतच पडत असे. पुण्यामुंबईचीं सधन कुटुंबें उन्हाच्या तडाख्यानें महाबळेश्वर गांठीत, आणि पहिली सर पडली कीं सामान बांधून खालीं उतरत. हिंवाळ्यांत डोंगरावर जाणें म्हणजे आपण होऊन थंडीच्या तोंडीं जाणें, अशी वडीलधार्‍या मंडळींची समजूत होती. अलीकडे ती पार बदलली आहे. नाताळची सुटी लागली कीं सातारा जिल्ह्यांतील पांचगणी व महाबळेश्वर हीं दोन्ही ठिकाणें माणसांनीं फुलून जातात, आणि ज्या कुटुंबांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें "दोहोंपैकीं कोठें?" ह्या एका प्रश्नावर आठवडाभर खल चालतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सांगलीहून अकरा माणसें निघालों आणि दोन्ही ठिकाणीं चार-चार दिवस राहून आलों. मंडळींत अठ्याहत्तर वर्षांच्या, दम्यानें पिडलेल्या आत्याबाई होत्या, तसा पांच वर्षांचा नातूहि होता. त्यामुळें ह्या दोन गिरिस्थानांची पारख निरनिराळ्या वयांच्या डोळ्यांनीं झाली आहे, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

हिंवाळ्यांत पर्वतावर सुटी घालविण्याची चाल युरोपांतहि फार जुनी नाहीं. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील एका खाणावळवाल्यानें १८६४ सालीं आपल्या उन्हाळी इंग्रज पाहुण्यांना "एकदां हिंवाळ्यांत येऊन तर पहा" असें आग्रहानें बोलाविलें, आणि तेथून ही चाल पडली, अशी कथा सांगतात. पुढें ह्याच गांवीं १९२८ व १९४८ अशा दोन वेळां हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले. त्याच मुलखांतलें दावोस हें गांव मात्र निराळ्या कारणानें नांवारूपास आलें. अलेक्झांडर स्पेंग्लर नांवाच्या वैद्यानें तेथील कोरडी, स्वच्छ हवा क्षयरोग्यांस मानवते असें प्रतिपादन केलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें गांव रोग्यांच्या विश्रामगृहांनीं भरून गेलें. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल आपल्या क्षयग्रस्त पत्नीस घेऊन तेथें राहिला होता; १८९४ मध्यें त्यानें पायांस स्कीच्या लांब पट्ट्या बांधून जवळची एक खिंड ओलांडली. एक गांव खेळानें वाढलें, दुसरें प्रकृतीच्या चिंतेनें. आज दोन्हींकडे लोक बर्फावर घसरावयास जातात, पण मूळचा स्वभाव अजून अगदींच पुसलेला नाहीं असें जाणते प्रवासी म्हणतात.

आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाहीं, आणि स्कीच्या पट्ट्यांचा येथें कांहीं उपयोग नाहीं. तरी पण एकोणीस-वीस किलोमीटरांच्या अंतरावर असलेल्या आपल्या ह्या दोन गांवांचा स्वभाव असाच भिन्न आहे, आणि त्याचें कारणहि त्यांच्या जन्मांतच सांपडतें.

सांगलीहून निघून कर्‍हाड व सातारा मागें टाकलें, कीं रस्ता वाईस येतो. वाईचा मुक्काम चुकवूं नये. ढोल्या गणपतीचें दर्शन, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा व घाट, आणि मराठी विश्वकोशाचें काम जेथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं उभें राहिलें तें स्थान, एवढ्यासाठीं अर्धा दिवस काढण्यासारखा आहे. वाईपासून पसरणीचा घाट सुरू होतो. प्रत्येक वळणावर कृष्णेचें खोरें थोडथोडें खालीं जातें, धोमच्या जलाशयाचें निळें पाणी दिसूं लागतें, आणि सुमारें बारा किलोमीटरांनंतर आपण एकदम रुपेरी ओकच्या उंच रांगांत शिरतों. हीच पांचगणी.

पांचगणी हें गांव योजून वसविलेलें आहे. दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ व तायघाट ह्या पांच खेड्यांच्या मधल्या डोंगरमाथ्यावर १८६० नंतरच्या दशकांत जॉन चेसन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें वस्ती उभारली आणि परदेशीं झाडें आणून लाविलीं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें १,३०० मीटर; पण खरें वैशिष्ट्य उंचीचें नव्हे, आडोशाचें आहे. पश्चिमेकडून येणारे पावसाळी ढग महाबळेश्वरावर रिते होतात व मग पांचगणीस पोंचतात. महाबळेश्वरीं वर्षाला साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पांचगणीस त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून येथली हवा कोरडी आणि बाराहि महिने राहण्याजोगी. ज्या गांवांत बाराहि महिने राहतां येतें तेथें शाळा निघतात, आणि जेथें हवा कोरडी तेथें रोगी येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथें निवासी शाळा निघाल्या, त्या आजहि गजबजलेल्या आहेत. १९१२ सालीं डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं 'बेल एअर' हें आरोग्यधाम काढलें. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं कोरडी हवा, सूर्यप्रकाश, पौष्टिक अन्न आणि विश्रांति हाच काय तो उपचार. दावोसला जें चाललें होतें तेंच येथें चाललें. १९४४ मध्यें आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांतून सुटल्यावर महात्मा गांधीहि प्रकृति सुधारण्यासाठीं येथें येऊन राहिले होते.

हा शांत, सांभाळून घेणारा स्वभाव पांचगणींत आजहि जाणवतो. सकाळीं आठाच्या सुमारास ऊन अंगणांत येतें, तें संध्याकाळपर्यंत हलत नाहीं. रस्ते बहुतेक सपाट, त्यामुळें आत्याबाई काठी टेकीत रोज अर्धा तास फिरून येत आणि रात्रीं त्यांना उशीं रचून बसावें लागत नसे. गांवाच्या डोक्यावरचें टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचें विस्तीर्ण पठार आहे. वर झाड जवळजवळ नाहींच. मुलें तेथें मनसोक्त धांवलीं, आणि आम्हां मोठ्यांना एका कडेवरून कृष्णेचें व दुसर्‍या कडेवरून कुडाळीचें खोरें दिसलें. ह्या पठाराचा कठीण जांभा म्हणजे पुरातन लाव्हाच्या खडकावर लाखों वर्षें ऊनपाऊस खेळून तयार झालेलें कवच होय; तें टिकलें म्हणून पठार टिकलें, आणि भोंवतालचें झिजून दरी झाली.

पांचगणीहून महाबळेश्वराकडे जातांना भिलार हें खेडें लागतें. २०१७ सालीं शासनानें हें 'पुस्तकांचें गांव' म्हणून सुरू केलें. गांवकर्‍यांनीं आपल्या ओसर्‍या-माड्या मोकळ्या करून दिल्या आहेत; कोणाच्या घरीं कादंबर्‍या, कोणाच्या घरीं चरित्रें, कोणाच्या घरीं बालवाङ्मय. वाटेल त्यानें आंत जावें, पुस्तक काढावें आणि वाचीत बसावें. आमच्या वहिनी एका ओसरीवर संतवाङ्मयाच्या कपाटापाशीं बसल्या, त्या जेवणाची वेळ टळून गेली तरी उठेनात. समोरच्या उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे लाल झाले होते. ह्या भागांतील स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून डिसेंबरापासून फळांचा बहर असतो. रस्त्यावरच्या दुकानांपेक्षां शेतकर्‍याच्या बांधावर फळ घ्यावें. तें ताजें मिळतें, आणि पैसाहि योग्य हातीं जातो.

महाबळेश्वराचा जन्म निराळा. क्षेत्र म्हणून तें प्राचीनच आहे. पण ज्याला आपण आज महाबळेश्वर म्हणतों ती पेठ इंग्रजी अमदानींतली. १८२४ मध्यें जनरल लॉडविक हा सातार्‍याहून डोंगर चढून वर आला. १८२८ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं येथें आरोग्यस्थान करण्याचें मनावर घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार होऊन ह्या डोंगराच्या मोबदल्यांत वाईकडील खंडाळें हें गांव छत्रपतींस मिळालें. नव्या वस्तीस माल्कमपेठ हें नांव पडलें. आरंभींच्या काळांत येथें चिनी कैद्यांचा एक तुरुंग होता, आणि बटाटा व इतर विलायती भाज्या पिकविण्यांत त्या कैद्यांचा मोठा हात होता. तेव्हां अंमलदारांच्या विश्रांतीसाठीं वसलेलें, दूरवर नजर टाकण्याच्या हौसेनें वाढलेलें असें हें गांव आहे. म्हणूनच येथें जागजागीं 'पॉइंट' आहेत. साहेबांनीं त्यांना आपल्या माणसांचीं नांवें दिलीं, परंतु आर्थरसीटला जुनें लोक मढीमहाल म्हणत आणि केट्स पॉइंटला नाकेखिंड, हें मुलांना सांगून ठेवावें.

येथील सृष्टिशोभेपुढें पांचगणी फिकी वाटते, हें निर्विवाद. १,४३९ मीटर उंचीच्या विल्सन पॉइंटवरून सूर्योदय, मढीमहालावरून सावित्रीच्या खोर्‍याचा तो छाती दडपून टाकणारा कडा, आणि पश्चिमेकडे प्रतापगड. जांभळ, गेळा, हिरडा, अंजनी ह्यांचें घनदाट, बुटकें रान रस्त्यावर कमान धरतें, आणि भर दुपारींहि त्या सांवलींत पांघरूण हवेंसें वाटतें. तरुणांनीं व हिंडत्या पायांच्या माणसांनीं येथेंच यावें. परंतु आत्याबाईंना पहिल्याच रात्रीं धाप लागली. ओल्या सांवलीची थंडी त्यांना सोसली नाहीं, आणि चार दिवसांतले दोन दिवस त्यांनीं खोलींतच काढले. बाजारपेठेंत संध्याकाळीं पाऊल ठेवावयास जागा नसते, आणि गाड्यांची रांग वेण्णा तलावापासून गांवापर्यंत मुंगीच्या पावलानें सरकते. घरांत नाजूक प्रकृतीचें माणूस असेल तर पांचगणीस बिर्‍हाड करावें आणि महाबळेश्वर एका दिवसांत पाहून परत यावें, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

तथापि एका गोष्टीसाठीं महाबळेश्वरीं एक रात्र तरी राहिलेंच पाहिजे. सातारच्या छत्रपति अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं बांधविलेल्या वेण्णा तलावाच्या कांठीं आणि जवळच्या लिंगमळ्याच्या सखल भागांत कडाक्याच्या थंडींत पहाटे दंव गोठतें. आम्ही उजाडण्यापूर्वीं तेथें गेलों तेव्हां गवताच्या पात्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि नावांच्या धक्क्यावरील फळ्यांवर पांढरा थर चढलेला होता. बोटानें खरवडला तर करकर आवाज होई. आश्चर्य असें कीं त्याच वेळीं गांवांत दहा-अकरा अंश उष्णता होती. ह्याचें कारण भूगोलांत आहे. रात्र निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली ऊब झपाट्यानें आकाशांत सोडते; तिच्या सान्निध्यानें गार झालेली जड हवा पाण्यासारखी उतारावरून घरंगळत येऊन खोलगट जागीं सांचते, आणि पानें-फळ्या तर त्या हवेपेक्षांहि थंड होतात. मग हवेंतील बाष्प त्यांच्यावर बसून तेथल्या तेथें गोठतें. नातवानें विचारलें, "हेंच का स्वित्झर्लंडचें बर्फ?" त्यास सांगितलें कीं तें बर्फ ढगांतून खालीं येतें, आणि हें जमिनीवरच जन्मतें. आठ वाजतां ऊन आलें आणि सर्व शुभ्रता पाण्याच्या थेंबांत विरून गेली. लोक टाळ्या वाजवीत होते. जवळच्या मळ्यांतला शेतकरी मात्र स्ट्रॉबेरीचीं पानें करपलीं कीं काय हें वाकून पाहत होता.

क्षेत्र महाबळेश्वर पेठेपासून पांच-सहा किलोमीटरांवर आहे. तेथें पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्या पांच नद्या गोमुखांतून प्रकटतात, अशी श्रद्धा आहे. सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेकडे वळून सुमारें १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास जाते. वाटेंत सातार्‍याजवळ माहुलीस तिला वेण्णा भेटते, कर्‍हाडास कोयना, आणि आमच्या सांगलीजवळ हरिपुरास वारणा. गोमुखाखालीं ओंजळ धरतांना आत्याबाई म्हणाल्या, "रोज नळाला येतें तेंच हें, नाहीं का?" आम्हां सांगलीकरांचें ह्या डोंगराशीं पाहुण्याचें नातें नाहीं, हें त्या एका वाक्यानें आम्हांस नीट उमगलें.

पांचगणीच्या मुक्कामांतच घरांत एक विषय निघाला होता. पुतण्यानें एका नव्या इमारतीचें माहितीपत्रक आणलें होतें. दरीकडे तोंड असलेली तीन खोल्यांची जागा. भावंडांनीं मिळून घेतली तर जड नव्हती. "दरवर्षीं भाडें भरण्यापेक्षां आपलें हक्काचें घर झालें तर काय वाईट?" हा त्याचा सवाल रास्त होता, आणि सुनांनाहि तो पटला होता. अण्णांनीं तेव्हां होकार दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. क्षेत्राहून परत आल्यावर रात्रीं पुन्हां तोच विषय निघाला, तेव्हां ते म्हणाले, "अरे, वर्षाचे आठ दिवस आपण तेथें राहूं, उरलेले तीनशें सत्तावन्न दिवस तें घर कुलुपांत. पण त्यासाठीं उतार तोडावा लागेल, झाडें जातील, आणि पाणी तर दोन्ही गांवांना एका वेण्णा तलावाचें. आपल्यासारखीं हजार कुटुंबें असाच विचार करणार." आत्याबाई हळूच म्हणाल्या, "कृष्णामाईच्या उशाशीं आपण घाण करायची, आणि पायथ्याशीं बसून तेंच पाणी प्यायचें?" त्यावर कोणी बोललें नाहीं.

हें बोलणें भावनेचें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. केंद्र सरकारनें १७ जानेवारी २००१ रोजीं महाबळेश्वर-पांचगणीचा सारा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो उगीच नव्हे. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरावर एका दिवसांत सुमारें सहाशें मिलिमीटर पाऊस पडला. सांगलीस एवढा पाऊस साधारणतः सबंध वर्षांत होतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कृष्णा आमच्या गांवांत शिरली. २००५ आणि २०१९ चे पूर तर घराच्या भिंतींवर अजून खुणा ठेवून आहेत. पुराचीं कारणें अनेक असतात, परंतु माथ्यावरचें रान पावसाचा मारा झेलतें, पाणी जिरवितें व माती धरून ठेवतें, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक आहे. आल्प्समध्यें आज जगाच्या वाढत्या उष्म्यामुळें खालच्या उतारांवर बर्फ पुरेसें टिकत नाहीं. तेथें तळीं खणून, यंत्रांनीं पाणी फवारून कृत्रिम बर्फ करावें लागतें. आपल्या डोंगराचें धन म्हणजे त्याचें रान आणि त्याचे झरे. तीं यंत्रानें करतां येणार नाहींत.

शेवटीं पुतण्यानेंच तें माहितीपत्रक मिटून ठेवलें. घर घ्यावयाचें नाहीं, असें ठरलें. पण येणेंहि सोडावयाचें नाहीं. पांचगणीजवळच्या खेड्यांतून पुष्कळ शेतकरी कुटुंबें आपल्या घरीं पाहुणे उतरवितात. तेथें पिठलें-भाकरी, ठेचा, ताजें दूध आणि चुलीवरचें ऊन पाणी मिळतें. एकादशीस सांगितलें तर वरीचे तांदूळ व दाण्याची आमटीहि होते. अकरा माणसांच्या बिर्‍हाडास हें हॉटेलापेक्षां सोयीचें व स्वस्तहि पडतें, आणि त्या कुटुंबालाहि चार पैसे मिळतात.

जावयाचें असेल त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत, पण नाताळचा शेवटला आठवडा टाळून जावें. वृद्ध, दमेकरी व लहान मुलें यांस पांचगणी, चालणार्‍यांस महाबळेश्वर, भाविकांस क्षेत्र, वाचकांस भिलार. लोकरीची टोपी व कानपट्टी प्रत्येकाची असावी, आणि दमेकर्‍याचें औषध हातपिशवींत असावें. पिण्याचें पाणी घरच्या तांब्यांतून न्यावें म्हणजे वाटेंत बाटल्या घेण्याचा व टाकण्याचा प्रश्नच उरत नाहीं. आम्हीं येतांना सारा कचरा एका पोत्यांत बांधून सांगलीस आणला. मुलांना प्रथम त्याचें हंसूं आलें, पण आयर्विन पुलावरून गाडी जातांना नातवानें खालचें पाणी पाहून विचारलें, "हें गोमुखांतलें आलें का?" आत्याबाईंनीं होय म्हटलें आणि हात जोडले, त्यांचें पाहून त्यानेंहि जोडले.